वाईटाला स्वतःचे घर नाही

ख्रिस्ती धर्म माणसाला जन्मतः पापी मानतो, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या पुष्कळांचीही ती असते, म्हणून बाहेरच्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. ही समजूत खोटी नाही, अर्धी आहे. ज्या परंपरेने हे विधान केले, तिने त्याच्या आधी दुसरे एक विधान मांडून ठेवले आहे, आणि ते नजरेआड झाले की पुढचे सगळेच वाकडे दिसू लागते. ते विधान असे : जे जे आहे, ते निव्वळ असण्यानेच चांगले आहे. दगड चांगला, साप चांगला, माणसाचा देह चांगला, त्याची भूक चांगली, बुद्धी तर चांगलीच. एवढेच काय, सैतानही मुळात देवदूत. त्याचे असणे, त्याची बुद्धी, त्याचे सामर्थ्य ही सगळी देवाचीच देणी. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव सृष्टी घडवत जातो आणि पुन्हा पुन्हा ती चांगली असल्याचे पाहतो. निषिद्ध फळाची कथा त्यानंतर, तिसऱ्या अध्यायात येते.

मग ज्या जगात वाईट अशी वस्तूच नाही, त्या जगात वाईट घडते कसे? ख्रिस्ती चिंतन दीड हजारांहून अधिक वर्षे या एका अडचणीशी झटत आले आहे. ‘ख्रिस्ती मत’ म्हणून एकच ठाम उत्तर हाती लागेल अशा अपेक्षेने कुणी या विषयात उतरला, तर त्याची निराशा होईल. इथे उत्तरांपेक्षा भांडणे जास्त आहेत आणि भांडणारे बहुतेक एकाच घरचे आहेत. त्या भांडणांत रस घेण्यासाठी ख्रिस्ती असण्याची गरज नाही, देव मानण्याचीही नाही. माणूस हा प्राणी काय आहे याविषयी कुतूहल असले की पुरे.

विषयात शिरण्याच्या वाटा दोन. देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल तर निरपराध पोरे का मरतात, ही एक. तत्त्वज्ञानाच्या वर्गात बहुधा याच वाटेने नेतात. दुसरी वाट जुनी आणि माझ्या मते अधिक फळ देणारी आहे. ती देवाला प्रश्न विचारत नाही, स्वतःला विचारते : चांगले काय हे ठाऊक असताना मी वाईट का करतो? रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौल याच जागी अडखळतो. जे करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा तेच होते, ही त्याची तक्रार मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही; कळते पण वळत नाही, असे आपण रोज म्हणतो. आपल्या परंपरेनेही धर्म जाणूनही तो आचरता न येण्याची कबुली दुर्योधनाच्या तोंडी घातलेली आहे. फरक पुढे पडतो. ती कबुली दुर्योधनाची म्हणून आपण ऐकतो आणि मनात म्हणतो, हा असाच होता. पौल स्वतःविषयी बोलतो, आणि त्याच्या वाचकांपैकी एकाने ते इतके मनावर घेतले की पश्चिमेची माणसाविषयीची कल्पनाच त्यातून घडली.

हा वाचक म्हणजे ऑगस्टीन. जन्म इ.स. ३५४, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते या गावी. आज ते अल्जीरियात सूक अहरास नावाने आहे. आई मोनिका ख्रिस्ती, बाप पात्रिकियस जुन्या रोमन दैवतांना मानणारा. मुलगा हुशार, वक्तृत्वाचा शिक्षक झाला, आणि तरुणपणी सुमारे नऊ वर्षे मानीच्या पंथात राहिला. हा मानी तिसऱ्या शतकात मेसोपोटेमियात जन्मला. भारताच्या वायव्य भागात येऊन गेला होता आणि बुद्धाला तो आपल्या पूर्वसूरींत गणत असे. त्याचे सांगणे सरळ होते : प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे आहेत, त्यांचे युद्ध चालू आहे, आणि माणसाचा देह हे त्या युद्धाचे रणांगण आहे. ऑगस्टीनला यात काय आवडले ते त्याने पुढे निर्दयपणे सांगितले आहे. पाप मी करत नाही, माझ्यातली दुसरी प्रकृती करते, असे म्हणण्याची त्यात सोय होती. जगातले सगळे वाईट समजावून सांगणारी उपपत्ती ही बहुधा स्वतःला मोकळे करणारीही असते, हा संशय ऑगस्टीनने या क्षेत्राला दिला, आणि पुढच्या कोणत्याही उपपत्तीपेक्षा तो मला मोलाचा वाटतो.

मानीपंथातून तो बाहेर पडला तो मिलान शहरात. तिथे बिशप आम्ब्रोसची प्रवचने त्याच्या कानी पडली आणि प्लेटोच्या परंपरेतल्या काही ग्रंथांचे लॅटिन अनुवाद हाती आले. ३८६ मध्ये त्याचे मन वळले. ३८७ च्या ईस्टरला त्याने आम्ब्रोसकडून बाप्तिस्मा घेतला. पुढे तो आफ्रिकेत परतला, हिप्पोचा बिशप झाला, आणि ३९७ च्या सुमारास ‘कन्फेशन्स’ लिहायला बसला. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात नासपतींच्या चोरीची प्रसिद्ध हकिगत आहे.

हकिगत एवढीच. वय सोळा. कार्थेजच्या शिक्षणासाठी बाप पैसे जमवत होता, म्हणून पोरगा वर्षभर घरी मोकळा. एका रात्री टोळक्याने शेजारच्या मळ्यातले नासपतीचे झाड हलवून फळांचे ढीग पळवले. फळे दिसायलाही बरी नव्हती, चवीलाही नाही. त्याच्या स्वतःच्या घरी याहून चांगली होती. दोन-चार तोंडात टाकली, बाकी डुकरांपुढे फेकली. अमेरिकेचे ख्यातनाम न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी एका पत्रात याची थट्टा केली : पोरवयात लुटलेल्या एका झाडाचा कुणी एवढा डोंगर करावा! थट्टा रास्त वाटते, पण होम्स यांची नजर गुन्ह्याच्या आकारावर गेली आणि ऑगस्टीनची त्याच्या रिकामेपणावर. खून करणाऱ्याला काहीतरी हवे असते : पैसा, सूड, सुरक्षितता. म्हणजे तिथेही माणूस कुठल्या तरी चांगल्याच्याच मागे असतो, फक्त चुकीच्या मार्गाने. नासपतींच्या बाबतीत मिळवण्यासारखे काहीच नव्हते. मग हवे काय होते? मनाई मोडण्याची गोडी, असे तो आधी म्हणतो. आपल्यावर कुणी नाही, आपणच आपले धनी, ही देवाची केलेली पोरकट नक्कल. तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही. पुढे तो एक गोष्ट कबूल करतो आणि तिथे ही हकिगत सोळा वर्षांच्या पोराची राहत नाही : एकटा असतो तर मी हे केले नसते. मित्र हसत होते, चला म्हणाले, आणि नाही म्हणायची लाज वाटली.

मैत्री ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट होती. ‘कन्फेशन्स’ मित्रांनी भरलेले आहे. चोरी घडली ती त्याच चांगल्याच्या आधारावर. ऑगस्टीनच्या सिद्धान्ताचे बी मला इथे दिसते. वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही, ते चांगल्यातला उणेपणा आहे. त्याला जगायचे तर बांडगुळासारखे चांगल्याच्याच फांदीवर जगावे लागते. म्हणून निखळ वाईट असे काही असूच शकत नाही. जे पूर्णपणे वाईट झाले ते उरणारच नाही. सैतानाबद्दलही हेच, म्हणूनच तो देवाचा प्रतिस्पर्धी ठरत नाही. मानीच्या दोन राजांपैकी एकाचे सिंहासन ऑगस्टीनने असे काढून घेतले.

याचा मानवस्वभावाविषयी निघणारा अर्थ अनेकांना उलटा वाटतो. माणसाची प्रकृती वाईट नाही. ती घायाळ आहे. बिघाड आहे तो इच्छेत, प्रेमाच्या क्रमात : लहान गोष्टीवर मोठे प्रेम, मोठीवर लहान. पुढे ल्यूथरने रोमकरांस पत्रावरच्या व्याख्यानांत (१५१५–१६) स्वतःकडेच वाकून बसलेल्या माणसाचे चित्र वापरले, ते याच विचाराचे वळण. आणि बिघाड सर्वांत चांगल्या गोष्टींतही शिरू शकतो, त्यांत तर आधी शिरतो. धार्मिक माणसाचा अहंकार, सुधारकाचे क्रौर्य, आईच्या मायेतली हुकमत, देशभक्तीतला द्वेष : ऑगस्टीनच्या दृष्टीने हे अपवाद नाहीत, नेहमीच्याच घटना आहेत.

आता विरुद्ध बाजू. ब्रिटनमधून आलेला पेलागियस हा तपस्वी रोमच्या उमरावांत वावरत होता. ख्रिस्ती होणे एव्हाना सोयीचे झाले होते, चर्च नावापुरत्या ख्रिस्त्यांनी भरले होते, आणि ‘माणूस दुबळाच, काय करणार’ ही सबब जिकडेतिकडे ऐकू येत होती. देवाने आज्ञा द्यावी आणि ती पाळण्याचे बळही त्यानेच द्यावे, अशी ‘कन्फेशन्स’मधली प्रार्थना कुणी त्याच्यापुढे म्हटली, तेव्हा तो खवळला, ही नोंद खुद्द ऑगस्टीननेच करून ठेवली आहे. पेलागियसचे म्हणणे थोडक्यात असे : देव अशक्य ते सांगत नाही. सांगितले आहे म्हणजे ते जमण्यासारखे आहे. आदामाने आपल्याला वाईट कित्ता घालून दिला, याहून अधिक काही नाही.

आजच्या सुशिक्षित मराठी वाचकाला पेलागियस पहिल्याच भेटीत आवडेल. मलाही आवडतो. स्वावलंबन, जबाबदारी, प्रयत्न ही त्याची मूल्ये आपल्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेली असतात. पण त्याच्या युक्तिवादाचे दुसरे टोक पाहावे. जमण्यासारखे होते आणि जमले नाही, तर दोष निखळ तुझा. व्यसनी माणसाला, खचलेल्याला, पुन्हा पुन्हा तोच घसरणीचा रस्ता धरणाऱ्याला पेलागियसकडे उपदेशाखेरीज देण्यासारखे काही नाही. ऑगस्टीन माणसाविषयी अधिक निराश आहे आणि म्हणूनच माणसांना अधिक सांभाळून घेतो. ज्याला स्वतःच्या बळावर उठता येत नाही त्याला उचलून घेणारी कृपा असावी लागते, हे तो स्वतःच्या अनुभवावरून बोलतो. आशावादी मनुष्यकल्पना कठोर आणि निराशावादी कल्पना दयाळू, हे उलटेपण या क्षेत्रात वारंवार भेटते. वाचकाने ते जपून ठेवावे.

ऑगस्टीनला इथेच सोडले असते तर बरे झाले असते. पण वाद वाढला आणि तो नको तितका पुढे गेला. आदामाचा केवळ दुबळेपणा नव्हे, त्याचा अपराधही प्रत्येक अर्भकाला लागतो; तो वासनेच्या द्वारे पिढ्यानपिढ्या उतरतो; बाप्तिस्म्याविना मेलेले मूल, सौम्य का होईना, पण दंडाला पात्र. दक्षिण इटलीतल्या एक्लानमचा बिशप ज्युलियन याने विचारले की अर्भकाला दोषी ठरवणारा देव न्यायी कसा, आणि ज्या विवाहाला देवाने आशीर्वाद दिला त्यातली वासना पाप कशी? स्वतः ज्युलियन विवाहित होता. त्याच्या प्रश्नांना ऑगस्टीनने हजारो ओळींची उत्तरे दिली. समाधानकारक उत्तर दिले असे मला वाटत नाही. शिवाय हा वाद केवळ युक्तिवादाने मिटलेला नाही. सम्राट होनोरियसने ४१८ मध्ये पेलागियसपंथीयांना रोममधून हद्दपार करण्याचा हुकूम काढला, त्याच वर्षी कार्थेजच्या धर्मसभेने त्यांचा निषेध केला. आदिपापाचा सिद्धान्त पाश्चात्त्य चर्चमध्ये रुजला त्यात राजदंडाचाही हात होता.

पूर्वेकडचे चर्च या वाटेने गेलेच नाही. ग्रीक परंपरेत आदामाकडून आपल्याला मरण मिळाले, अपराध नाही. आणि मरणाच्या भयाने माणूस स्वार्थी होतो. त्याहून जुना एक सूर ल्योंच्या इरेनेयसचा, इ.स. १८० च्या आसपासचा. त्याच्या लेखी आदाम-हव्वा ही परिपूर्ण माणसे नव्हतीच; ती मुले होती, वाढायची होती, आणि वाढताना चुकली. विसाव्या शतकात जॉन हिक यांनी १९६६ च्या ग्रंथात हाच धागा उचलून जगाला माणूस घडवण्याची शाळा मानले. आणि यहुदी परंपरा तर तीच कथा वाचून आदिपापापर्यंत पोचलीच नाही; तिने माणसात बऱ्याची आणि वाइटाची अशा दोन ओढी मानल्या आणि दुसरीला आवर घालायला शास्त्र दिले. तेव्हा ‘उत्पत्ती’ वाचली की ऑगस्टीनच हाती लागतो, असे मुळीच नाही.

ती कथा मात्र वाचावी, आणि तिसऱ्या अध्यायावर न थांबता अकराव्यापर्यंत वाचावी. देव विचारतो तेव्हा आदाम स्त्रीकडे बोट दाखवतो, आणि ‘तू दिलेली स्त्री’ म्हणून जाता जाता देवाकडेही. स्त्री सापाकडे बोट दाखवते. पुढच्याच पिढीत काइन हाबेलला मारतो. काही पिढ्यांनी लामेख आपल्या बायकांपुढे एका जखमेबद्दल जीव घेतल्याची फुशारकी मारतो. मग जलप्रलय, मग बाबेलचा बुरूज. फळ तोडण्यापासून नगर उभारण्यापर्यंत दोष माणसाच्या कर्तृत्वाबरोबर वाढत जातो. लेखकाला उपपत्ती सांगायची नाही, उतरण दाखवायची आहे.

मध्ययुग आणि धर्मसुधारणेचा काळ इथे भरभर ओलांडतो. अक्वायनसने जखमी प्रकृतीचा विचार तर्कशुद्ध केला. इरास्मसने १५२४ मध्ये इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली, ल्यूथरने १५२५ मध्ये तिच्यावर तुटून पडून इच्छा बद्ध असल्याचे ठासून सांगितले. ट्रेंटच्या परिषदेने १५४६ मध्ये कॅथलिक मर्यादा आखल्या. कॅल्विनपंथीयांच्या ‘संपूर्ण भ्रष्टते’चा अर्थ मात्र हमखास चुकवला जातो. माणूस शक्य तितका वाईट आहे असे तिथे म्हणायचे नाही. माणसाचा एकही कोपरा, अगदी बुद्धीही, बिघाडापासून सुटलेला नाही, एवढेच म्हणायचे आहे.

मराठीत हा विषय नवा नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, आणि त्याचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदामाची कथा हे सगळे आधी येते. ख्रिस्त दुसऱ्या पुराणात. पुराणे ऐकत वाढलेल्या श्रोत्यांपुढे तेजस्वी ल्युसिफरचे गर्वाने कोसळणे कसे उतरले असेल याचा विचार करण्यासारखा आहे. प्रल्हाद आणि बळी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना दैत्य म्हणजे जातीचा दुष्ट असे वाटण्याचे कारण नव्हते. मूळचा थोर आणि मग पडलेला, हे रूप त्यांना परके नसावे.

अडचण दुसरीकडे होती, आणि ती नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांनी नेमकी हेरली. काशीत वाढलेले, कोकणस्थ घराण्यातले हे पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. पुढे पंडिता रमाबाईंच्या विचारांवरही त्यांचा प्रभाव पडला. ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी वेदान्ताला जाब विचारला तो असा की, भेद हाच अविद्येचा खेळ असेल तर पापही शेवटी खरे राहत नाही. इथे चाणाक्ष वाचक उलट विचारील : वाईटाला अस्तित्व नाही असे ऑगस्टीनच म्हणतो ना? मग अभाव आणि माया यांत फरक काय? प्रश्न चोख आहे, आणि मला तरी या विषयात मराठी वाचकाने विचारण्याजोगा हा सर्वांत चांगला प्रश्न वाटतो. उत्तर ऑगस्टीनच्याच एका उदाहरणात आहे. आंधळेपण ही डोळ्यात भरलेली वस्तू नव्हे. जी दृष्टी असायला हवी होती तिचा तो अभाव आहे. पण ज्याला दिसत नाही त्याचे ठेचकाळणे भ्रम नाही, आणि ज्ञान झाल्याने त्याला दिसूही लागत नाही. दृष्टी द्यावी लागते. अभाव खरा असतो, आणि तो ज्ञानाने नाहीसा होत नाही, भरून काढावा लागतो. म्हणून ख्रिस्ती परंपरेत मुक्तीऐवजी तारणाची भाषा मध्यभागी आली.

कर्मसिद्धान्ताशी असलेला तणाव तितकाच जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात : पाप कुणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात सिलोआमचा बुरूज कोसळून अठराजण मेल्याचा उल्लेख आहे. ते इतरांहून अधिक पापी होते का, तर नाही. दुःख पाहून त्यामागचा अपराध मोजण्याचा हिशेब इथे सरळ बंद केला आहे. ईयोबाच्या पुस्तकात तर कमालच आहे. तुझे काहीतरी चुकले असेल, असे बजावत मित्र देवाची वकिली करत राहतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्या वकिलांवर. भांडणारा ईयोब खरे बोलला, असा निकाल मिळतो. अर्थात हिशेब सोडला की किंमत मोजावी लागते. कर्मसिद्धान्त निदान जगाला सुसूत्र ठेवतो आणि ज्याचे त्याच्या पदरात घालतो. तो मानणारा माणूस विचारील, दुसऱ्याच्या, तेही आद्य पूर्वजाच्या, पापाचा वारसा मुलाला देणारे तुम्ही आम्हाला न्याय काय सांगणार? आक्षेप ज्युलियनचाच आहे आणि त्याचे वजन कमी झालेले नाही.

पहिली वाट, म्हणजे देवाला जाब विचारण्याची, आधुनिक काळात गजबजली. लायब्निझने १७१० मध्ये हे जग शक्य जगांतले सर्वोत्तम असल्याचे मांडले. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झाले, आणि व्हॉल्टेअरने त्या आशावादाची ‘कांदीद’मध्ये रेवडी उडवली. १९५५ मध्ये जे. एल. मॅकी यांनी ईश्वर आणि वाईट यांत तार्किक विसंगती असल्याचा दावा केला. ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या आधारे तो बराचसा परतवला. वणव्यात होरपळून दिवसेंदिवस तडफडणाऱ्या हरणाच्या पाडसाचे विल्यम रो यांचे १९७९ चे उदाहरण मात्र परतवणे कठीण गेले आहे. इथे इच्छास्वातंत्र्याचा काय संबंध? डार्विनने १८६० मध्ये एसा ग्रे यांना लिहिताना जिवंत सुरवंट आतून खाणाऱ्या गांधीलवर्गीय किड्यांचा दाखला दिला, तोही याच जातीचा. माणूस येण्याआधी कोट्यवधी वर्षे प्राणी वेदना भोगत होते. ती आदामाच्या खात्यावर टाकता येत नाही. हा भाग ख्रिस्ती विचारात आजही उघडा आहे. दस्तयेवस्कीने तर आपल्या श्रद्धेवरचा सर्वांत घणाघाती आरोप इव्हान करमाझोवच्या तोंडी स्वतःच लिहिला आणि त्याला युक्तिवादाने उत्तर देण्याचा प्रयत्नही केला नाही.

दुसरी वाट विसाव्या शतकात कारखान्यांतून आणि छळछावण्यांतून गेली. राइनहोल्ड नीबूर १९१५ ते १९२८ डेट्रॉइटमध्ये पाळक होते. मोटारीच्या कारखान्यांनी तिथल्या कामगारांचे काय केले ते त्यांनी जवळून पाहिले. १९३२ च्या ‘मॉरल मॅन अँड इम्मॉरल सोसायटी’ या पुस्तकात त्यांनी दाखवले की व्यक्ती म्हणून सज्जन असलेली माणसे गट म्हणून सहज निर्दय होतात. त्याच पुस्तकात गांधीजींच्या सत्याग्रहाचा बारकाईने विचार आहे आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना तो मार्ग लागू पडेल असे सुचवलेलेही आहे. मार्टिन लूथर किंग यांनी नीबूर विद्यार्थिदशेत वाचले आणि १९६३ च्या बर्मिंगहॅम तुरुंगातल्या पत्रात त्यांचे नाव घेतले. हॅना आरेंटची वाट आणखी वळणाची. ती यहुदी, १९२९ चा तिचा प्रबंध ऑगस्टीनच्या प्रेमकल्पनेवर. आइकमानचा खटला पाहून लिहिलेल्या १९६३ च्या पुस्तकावर गदारोळ झाला, तेव्हा तिने गेर्शोम शोलेम यांना कळवले की वाईटाला खोली नसते, खोली फक्त चांगल्याला असते. ऑगस्टीनचे नाव न घेता केलेले हे ऑगस्टीनचेच विधान आहे, असे मला वाटते.

या परंपरेला तिच्याच आतून बसलेला सर्वांत मोठा हादरा मात्र नीबूरनंतरचा. व्हॅलेरी सेव्हिंग यांनी १९६० मध्ये एका लेखात विचारले : गर्व हे मूळ पाप, असे हे सगळे पुरुष सांगतात; पण जिला स्वतःचे म्हणून काही राखूच दिले नाही, त्या स्त्रीला नम्रतेचा उपदेश म्हणजे काय? तिचा बिघाड गर्वात नसून स्वतःला पुसून टाकण्यात असू शकतो. अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ईश्वरविद्येची पायाभरणी करणारे व्याख्यान दिले, त्यानंतर हाच प्रश्न आपल्याकडे जातीच्या संदर्भात अटळ झाला. ज्यांचा माणूसपणाच हिरावून घेतला त्यांना आधी पापाची जाणीव करून द्यायची की प्रतिष्ठेची? आणि जातिव्यवस्था हे कुणाचे पाप? आज जन्मलेल्या मुलाने ती घडवली नाही, तरी तो तिच्यात जन्मतो, तिचा लाभ किंवा मार घेतो, आणि कळू लागण्याआधी तिची भाषा बोलू लागतो. ज्या आदिपापाला अर्भकाच्या बाबतीत मी वर नाकारले, ते इथे मला विलक्षण नेमके वाटते. ही विसंगती मला अजून सोडवता आलेली नाही, म्हणून पुढील प्रकरणांत दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली आहे.

वाचनाच्या क्रमाविषयी दोन शब्द. ‘कन्फेशन्स’चा दुसरा भाग आधी वाचावा; तासाभरात संपतो. मग ‘उत्पत्ती’चे पहिले अकरा अध्याय आणि ईयोब, तेही सलग, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ त्यासाठी हाताशी ठेवावे. त्यानंतर नीबूर, आणि लगेच सेव्हिंग यांचा लेख, म्हणजे नीबूर डोक्यात बसण्याआधी त्यांच्यावरचा आक्षेपही कळलेला असेल. प्लँटिंगा आणि रो तर्कशास्त्राची आवड असलेल्यांनी घ्यावेत, इतरांनी ती प्रकरणे खुशाल ओलांडावीत. ज्युलियनविरुद्धचे ऑगस्टीनचे लेखन अगदी शेवटी ठेवावे, पण टाळू नये. ते रागीट आणि पुनरुक्तीने भरलेले आहे; ज्युलियनची वाक्ये मात्र त्यात जशीच्या तशी उतरवून घेतली आहेत, आणि प्रतिपक्षाचे म्हणणे आज आपल्याला मुख्यतः तिथेच वाचायला मिळते. त्यातला शेवटचा ग्रंथ पुरा झालेला नाही. ऑगस्टीन त्यावर काम करत असतानाच, ४३० मध्ये, व्हँडल फौजांनी हिप्पोला वेढा घातला असता वारला. ज्युलियनच्या आठ पुस्तकांपैकी सहांनाच त्याचे उत्तर आहे.